फुटसालच्या पोरींना आधी थांबायला शिकवा

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी गॅलरी ओरडते, ‘पळ, पळ!’ ‘थांब’ म्हणून ओरडलेलं मी कधी ऐकलं नाही. मीही पळायलाच शिकले, आणि एकविसाव्या वर्षी हॉलमध्ये, कुणी अंगाला लागलंही नसताना, वळता वळता गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे गुडघा आतून स्थिर धरणारं लिगामेंट, तुटलं. तेव्हापासून माझ्या पोरींचा सराव थांबण्यापासून सुरू होतो.

फुटसाल म्हणजे हॉलमधलं पाच-पाच जणींचं फुटबॉल. मैदान साधारण ४० बाय २० मीटर, हँडबॉलच्या कोर्टाएवढं. सलग दहा मीटर पळायला मिळालं तरी खूप. बाकी ब्रेक मारणं, वळणं, परत सुटणं. सपाट रबरी तळव्याचा बूट फरशीला धरतो, पाऊल अडकतं, अंग पुढे वळतं आणि गुडघा पिळतो. वयात येताना उंची-वजन वाढतं, पण बऱ्याच जणी भार मांडीच्या पुढच्या स्नायूवरच घेतात, मागचा मागेच राहतो. उडीवरून उतरताना बऱ्याच जणींचे गुडघेही आत पडतात. नुसती ताकद वाढवून हे सुटत नाही. योग्य स्नायू योग्य क्षणी कामाला लागायची सवय लावावी लागते.

आठवड्यातून दोन-तीनदा, सरावाच्या सुरुवातीलाच २० मिनिटं द्या. शेवटी नको, दमलेली पोर चुकीचंच घोटते. आणि आधी फरशी पुसा.

थोडं हलकं पळून झालं की पायरीवरून उतरवा. एक फुटाची पायरी पुरे. दोन्ही पायांवर उतरायचं, कुल्ले मागे, गुडघे पावलांच्या रेषेत, आणि दोन आकडे मोजेपर्यंत तसंच थांबायचं. ‘धप्प’ आवाज आला की परत. पाच-पाचचे तीन सेट. समोरून मोबाइलवर शूट करून लगेच दाखवा. ‘ताई, माझे गुडघे सरळच होते’ म्हणणाऱ्या निम्म्या तिथेच गप्प होतात. दोन पायांवर जमलं की एका पायावर.

मग एका पायावर उभं राहून बॉल झेलणं, ३० सेकंद. त्यानंतर गुडघे टेकायचे, जोडीदारणीनं मागून घोटे धरायचे आणि गुडघ्यांवरून सावकाश पुढे झुकायचं. पहिल्या आठवड्यात हे तीन-चार वेळाच, नाहीतर दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही.

आता खरा ब्रेक. खडूनं पाच मीटरवर रेघ मारा. पळत यायचं, शेवटची तीन पावलं आखूड टाकायची, बसकं होऊन रेघेवर गप्प थांबायचं. हे नीट जमल्याशिवाय वळण देऊ नका. जमलं की आधी ४५ अंश, मग ९०, मग पूर्ण मागे.

वेग सर्वांत शेवटी: दहा मीटरचे पाच-सहा स्प्रिंट, मधे पाऊण मिनिट विश्रांती. आणि ती सरावाला जमिनीवर अंथरतात ती शिडी! शिडीत पाय नाचवले की पोर शिडीत चपळ होते. मॅचमध्ये समोरचीचं अंग बघून वळावं लागतं, म्हणून मी ऐन वेळी हात दाखवते, तिकडे सुटायचं.

दुखत असेल, गुडघा सुजला असेल तर त्या दिवशी बाहेर बसवा आणि फिजिओकडे न्या.

सहा आठवड्यांनी दोन्ही बाजूंच्या वळणांचा वेळ वेगवेगळा लिहा. आमच्या गोलकीपरला डावीकडे वळायला उजवीपेक्षा सारखा उशीर व्हायचा. व्हिडिओ लावला तर डावीकडे सुटताना ती उजव्या पायावर भारच देत नव्हती. त्या घोट्याला दोन वर्षांपूर्वी मुरगळ होती म्हणे, आम्हाला सांगितलंच नव्हतं.