अश्वगंधेची काढणी: मूळ मोडून पाहा, मगच कुदळ घाला

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरलेली अश्वगंधा 150 ते 180 दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येते. पण नुसते दिवस मोजून खणायला घेऊ नका. पाने पिवळी पडून वाळू लागली, फळे लाल-केशरी झाली की शेतातली चार-पाच ठिकाणची झाडे उपटा आणि मूळ हाताने मोडा. कट्‌कन मोडून आत पांढरे, पिठूळ दिसले तर काढणी लगेच सुरू करा. मोडताना दोरे सुटू लागले तर मूळ जून होत चालले आहे. आणखी थांबलात तर ते पोकळ होईल आणि खालच्या प्रतीत जाईल.

जमीन कडक असेल तर आधी हलके पाणी द्या आणि वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ना कोरडी ना चिखल अशी भुसभुशीत ओलसर झाल्यावरच खणा. कोरड्या जमिनीत झाड ओढले की मुळाचा खालचा भाग तुटून मातीतच राहतो. चिखलात खणले तर माती मुळाला चिकटून बसते.

मुळाला वर 1-2 सें.मी. खोड ठेवून झाड कापा आणि मुळाचे सुमारे 7 सें.मी.चे तुकडे करा. माती फार असेल तर वाहत्या पाण्यात झटपट धुवा, भिजत ठेवू नका.

सगळ्यात जास्त माल बिघडतो तो वाळवताना. ओल्या मुळांचा ढीग रात्रभर राहिला तरी आतून गरम होऊन बुरशी धरतो. वरून पांढरी दिसणारी मुळे मग आत काळपट निघतात. बुरशीचे विष तपासणीत सापडले की औषध कंपन्या अख्खा लॉट परत करतात. म्हणून ताडपत्रीवर पातळ थर द्या, दिवसातून दोन-तीनदा हलवा, दव पडण्याआधी झाका. जमिनीवर थेट वाळवू नका. ओलावा 10 टक्क्यांच्या आसपास आला की मुळे काठीने हलकेच झोडपा. माती झडते, बारीक तंतुमुळे सुटतात. ती वेगळी विका.

प्रतवारी घरीच करा. 7 सें.मी.पर्यंत लांब, 1 ते 1.5 सें.मी. जाड, आतून पांढरी आणि ठिसूळ मुळे पहिल्या प्रतीत, 5 सें.मी. लांब व 1 सें.मी. जाड दुसऱ्या प्रतीत, 3-4 सें.मी.ची बारीक मुळे तिसऱ्या प्रतीत. पोकळ, पिवळट तुकडे चौथ्या प्रतीत टाका. मिसळून नेलेत तर मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीत काय किंवा गावच्या व्यापाऱ्याकडे काय, भाव सगळ्यात हलक्या मुळाचाच लागतो. सुधारित वाण आणि नीट निगा असेल तर एकरी अडीच-तीन क्विंटल वाळलेले मूळ मिळते, त्यामुळे प्रतवारीतला फरक खिशाला चांगलाच जाणवतो.

पानांचा चुरा मुळांत अजिबात जाऊ देऊ नका. आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना पाने टाळून फक्त मूळ वापरायला सांगितले आहे.

बियाण्यासाठी निरोगी, जाड मुळाच्या झाडांची पिकलेली फळे वेगळी तोडून वाळवा, मळा आणि चाळून ठेवा. फेकून पेरायचे तर एकरी 4-5 किलो बी लागते. वर्षापेक्षा जुन्या बियाण्याची उगवण झपाट्याने घटते, तेव्हा याच हंगामाचे बी पुढच्या पेरणीला वापरा.