वळवाच्या ढगाचा फोटो: ब्रॅकेटिंगपासून एचडीआरपर्यंत

मोसमी पाऊस एकदा स्थिरावला की आभाळ सपाट राखाडी होतं, त्यात टिपण्यासारखा आकार फारसा उरत नाही. आकार असतो तो एप्रिल-मेमधल्या वळवाच्या ढगात आणि सप्टेंबरअखेरीस हस्ताच्या पावसात. दुपारी फुलकोबीसारखे गड्डे वर चढू लागले आणि त्यांचे माथे ऐरणीसारखे पसरले, की पुढच्या तासा-दोन तासांत काम होतं. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅटची उपग्रहचित्रं आणि डॉप्लर रडारची चित्रं दिसतात. ढग कुठून कुठे सरकतोय ते त्यात पाहूनच जागा ठरवा.

आधी विजेचं बघा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि ३ ने भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर ट्रायपॉड मिटून पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याच्या टपाच्या बंद गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. उघड्या सड्यावर आसपासची सगळ्यात उंच वस्तू बहुधा तुम्हीच असता. एकट्या झाडाखाली थांबणं त्याहून वाईट. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते निघण्यापूर्वीच फोनवर घ्या.

दूर राहण्यात फोटोचाही फायदा आहे. ढगाच्या खाली उभं राहिलं की नुसतं काळं छत दिसतं, पूर्ण मनोरा लांबूनच दिसतो. ढग १५ किलोमीटर उंच आणि ३० किलोमीटर दूर असेल तर तो क्षितिजापासून साधारण २७ अंश चढतो. फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा आडवा धरला तर ५० मिमी लेन्समध्ये उभा कोन जवळपास तेवढाच मिळतो, म्हणजे जमिनीला जागाच उरत नाही. म्हणून ३५ मिमी घ्या. अंतर १५ किलोमीटरवर आलं की २४ मिमी लागते.

एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडून उजळ आणि काळ्या दोन्ही भागांतला तपशील टिकवणं, प्रत्येक वेळी लागतंच असं नाही. संध्याकाळी ढग पूर्वेला असेल तर मावळतीचं ऊन थेट त्याच्या अंगावर पडतं. तेव्हा हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) सांभाळून घेतलेली एकच रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची, फाइल सहसा पुरते. ढग पश्चिमेला आणि सूर्य त्याच्या मागे असला की कड रुपेरी पेटते, पोट काळंभोर आणि शेत त्याहून काळं. तिथे मात्र ब्रॅकेटिंगला, म्हणजे त्याच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम लागोपाठ घेण्याला, पर्याय नाही.

कॅमेरा मॅन्युअल मोडवर, फाइल रॉ, अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ १००, ऑटो आयएसओ बंद. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्व्हिनवर बांधून ठेवा, म्हणजे सगळ्या फ्रेमचा रंग सारखा राहील. फक्त शटर बदलायचं. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फ्रेम, उदाहरणार्थ १/५००, १/१२५ आणि १/३०. सगळ्यात गडद फ्रेमचा हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) उजव्या भिंतीला चिकटलेला नसावा, सगळ्यात उजळ फ्रेमचा डाव्या भिंतीला. गडद फ्रेममध्येही कड जळत असेल तर आणखी दोन स्टॉप खाली एक फ्रेम घ्या. राखाडी ढगाच्या मधोमध ऑटोफोकस नुसता मागेपुढे फिरत राहतो. लांबच्या विजेच्या खांबावर किंवा ढगाच्या कडक कडेवर फोकस पकडा आणि मग मॅन्युअलवर टाका.

खरी अडचण ढगाच्या चालीची. पाच किलोमीटरवरचा ढगाचा तुकडा ताशी ६० किलोमीटरने आडवा सरकत असेल तर २४ मिमी लेन्स आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर तो सेकंदाला सुमारे १३ पिक्सेल हलतो. एकेक फ्रेम हाताने बटण दाबून घेतली तर जोडताना कडा दुहेरी होणारच. म्हणून ऑटो ब्रॅकेटिंग आणि बर्स्ट (सलग वेगाने फ्रेम घेणं) एकत्र लावा आणि दोन सेकंदांचा टायमर वापरा. तिन्ही फ्रेम अर्ध्या सेकंदात उरकल्या तर सरक सहा-सात पिक्सेलवर येते.

पावसाआधी गार वारा सुटतो तेव्हा ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, आणि बॅग हुकाला अशी टांगा की तळ जमिनीला टेकेल. मोकळी लोंबकळणारी बॅग उलट झोके देते. एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, म्हणून काचा आधीच उघडून ठेवा. वाइड लेन्सवर पडलेला एक थेंबही फोटोत धुरकट डाग होऊन बसतो. मायक्रोफायबरचं फडकं कोरडं राहील अशा खिशात हवं.

जोडणीसाठी लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही फाइल निवडून एचडीआर मर्ज करा. ट्रायपॉड असेल तर अलाइनची (फ्रेम एकमेकींवर जुळवण्याची) गरज नाही. ऑटो सेटिंग्जवरची खूण काढा, कारण ती सावल्या भसाभस उचलते. डीघोस्ट (हललेल्या गोष्टींच्या दुहेरी कडा काढणारी सोय) ‘लो’ ठेवून त्याचा ओव्हरले, म्हणजे ती कुठे लागली ते दाखवणारा रंग, बघा. कडांपुरता रंग दिसला तर ठीक. अख्खं आभाळ रंगलं तर तिथला बहुतेक तपशील एकाच फ्रेममधून येतोय आणि ढगाच्या पोटात नॉइज (दाणेदारपणा) दिसेल. फुकटच्या डार्कटेबलमध्येही एचडीआर तयार होतं, पण ते फ्रेम जुळवून घेत नाही, म्हणजे हातात धरून काढलेल्या फ्रेम तिथे चालणार नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ढगाचं पोट काळंच राहू द्या. एचडीआर आहे ते कड आणि जमीन वाचवायला, ढग उजळायला नाही. पोट उचललं की गडगडाटी ढगाचा मळका कापूस होतो. लाइटरूमच्या स्लायडरमध्ये हायलाइट्स उणे ६० ते ८०, शॅडोज अधिक २० च्या आत, ब्लॅक्स उणे १५ इथून सुरुवात करा. मग आभाळाचा मास्क करून (तेवढाच भाग निवडून) फक्त तिथे क्लॅरिटी (कडांचा उठाव) १५ ते २५ द्या. डीहेझ (धूसरपणा काढणारा स्लायडर) १० च्या वर नेलं की राखाडीत निळं-जांभळं उतरतं. तसं झालं तर त्याच मास्कमध्ये सॅच्युरेशन १० ने उतरवा. जमिनीला वेगळा मास्क, तिथे एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप वर. त्याहून उजळ शेत त्या आभाळाखाली खोटं दिसतं, कारण उजेड ढगानेच अडवलेला असतो.

मग १०० टक्के झूम करून क्षितिजाची रेघ डावीकडून उजवीकडे तपासा. झाडांच्या शेंड्यांभोवती आणि तारांभोवती पांढरी झालर दिसली तर क्लॅरिटी जास्त झाली आहे किंवा मास्कची कड चुकली आहे. आधी क्लॅरिटी निम्मी करा. झालर तरीही राहिली तर मास्कमधून झाडं ब्रशने वजा करा. वाऱ्याने हललेली फांदी दुहेरी आली असेल तर मधली फ्रेम वेगळी उघडा, जोडलेल्या चित्रावर लेयर म्हणून ठेवा आणि तेवढी फांदी तिच्यातून घ्या.

नेटवर टाकायची प्रत एसआरजीबी या रंगपद्धतीत काढा, लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग क्वालिटी ८५. क्वालिटी फार उतरवली की ढगाच्या मऊ उतारावर पट्टे उमटतात. छपाईला देण्याआधी स्क्रीनची ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो पुन्हा बघा. पोटातला तपशील तेव्हा पूर्ण बुडत असेल तर फक्त छपाईच्या प्रतीत शॅडोज पाच-दहाने वाढवा.