मामाचे पैसे थेट कर्जखात्यात

उसाचं बिल जमा झालं की कागलचा मामा माझ्या हातात उसने पैसे रोख ठेवायचा, "फेड जा कर्ज." घरी येईपर्यंत त्यातले चार-पाच हजार कुठं जायचे, कळायचं नाही.

यंदा असं केलं:

१. मामाकडून चेकच घेतला, त्यावर माझा कर्जखात्याचा नंबर लिहून.

२. बँकेत आधी मुदतपूर्व फेडीचं शुल्क विचारलं. मग लेखी दिलं: रक्कम मुद्दलात वळती करा, पुढचे हप्ते म्हणून धरू नका. (हे न सांगता भरलं तर व्याज तसंच चालू राहू शकतं.) क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर पहिली ती, तिचं व्याज सगळ्यात जड.

३. शंभर पानी वहीत रक्कम, तारीख, मामाची सही. मामा हसला, पण सही केली.

नोकरदारानं २० हजार किंवा जास्त उसने रोखीनं घेऊ नयेत, मामाकडूनही. आयकर कायद्यानं दंड बसू शकतो.