जुनी इराणी फिरोजी बरणी विकायला दिसली तर घेण्याआधी काय काय बघायचं

लिस्टिंगमध्ये लिहिलेलं असतं "पर्शियन बरणी, काशान, 12वं-13वं शतक" (काशान म्हणजे भांड्यांसाठी नावाजलेलं इराणमधलं शहर), फोटोत फिरोजी रंग असा काही चमकतो की बास, आणि मग सगळ्यांचा पहिला प्रश्न येतो, खरी आहे का खोटी? मी म्हणेन की त्याऐवजी किती टक्के खरी आहे ते विचारा. कारण हा माल बहुतेक जमिनीतून तुकड्यांतच निघालेला असतो, मग कोणीतरी तो चिकटवतो, गेलेली जागा प्लास्टरने भरतो, वर रंग मारतो, आणि कधी कधी तर दोन-तीन वेगळ्या भांड्यांची खापरं जोडून एक "अखंड" बरणी उभी राहते. दुरुस्ती असणं हा गुन्हा नाही, ती लपवून अखंडचा भाव लावणं हा आहे.

सुरुवात बुडापासून करा. विकणाऱ्याकडे बुडाचा, ओठाचा आणि आतल्या बाजूचा फोटो मागा, तोही साध्या उजेडातला. त्या काळच्या बरण्यांवर ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, बऱ्याचदा बुडाच्या थोडं वरच थांबलेलं असतं, खाली ओघळ येऊन जाड थेंब गोठलेले दिसतात आणि त्याखाली उघडी माती. ती उघडी जागा म्हणजे खजिना आहे कारण तिथे अंग कशाचं आहे ते कळतं. 12व्या शतकापासून इराण-सीरियात जे चांगलं काम झालं त्याचं अंग नुसत्या मातीचं नसायचं, काशानच्या कुंभार घराण्यातला अबुल कासिम 1301 मध्ये लिहून गेलाय की दहा भाग दळलेली गारगोटी, एक भाग काच आणि एक भाग पांढरी माती. म्हणून हे अंग पांढुरकं आणि साखरेसारखं रवाळ दिसतं. बुडाशी लालसर चिकणमाती दिसली तर लगेच नकली म्हणू नका, साध्या मातीच्या अंगावर ग्लेझ दिलेल्या बरण्याही भरपूर होत्या, पण मग "काशानचं उत्तम काम" हे लेबल जरा तपासावं लागेल.

रंगाचं म्हणाल तर तांबं तेच, पण क्षारयुक्त ग्लेझमध्ये फिरोजी येतं आणि शिशाच्या ग्लेझमध्ये हिरवं. वर जी इंद्रधनुषी झाक असते ती शेकडो वर्षं जमिनीत पडून ग्लेझचा वरचा थर खराब झाल्यामुळे येते. लोक तिच्यावर भाळतात, मला तर ती तपासायची जागा वाटते. खरी झाक सहसा असमान असते, एका बाजूला जास्त, कुठे पापुद्रे सुटलेले. जोडातल्या गोंदावर किंवा भरावावरही ती झाक दिसली तर जोड झाल्यावर कोणीतरी ती चढवलीय, सरळ हिशेब. नखाने खरवडून मात्र बघू नका, खरी झाकही निघते.

बरणी हातात मिळाली तर अंधाऱ्या खोलीत यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मारा. नवीन रंग, रेझिन, गोंद बऱ्याचदा वेगळेच उजळतात. बोटाने हळूच टिचकी मारत फिरा, मध्येच आवाज मेला की तिथे भराव किंवा तडा असू शकतो. महाग वस्तू असेल तर थर्मोल्युमिनेसन्स टेस्ट असते, त्यात छोटंसं सॅम्पल काढून शेवटची भाजणी साधारण कधी झाली ते काढतात. पण सर्टिफिकेटवर सॅम्पल कुठून घेतलं ते वाचा हं, बूड जुनं आणि वरचं अंग नवं असेल तर बुडाचा रिपोर्ट बुडापुरताच.

आता कागदपत्रं, खरं तर हे सगळ्यात आधी. "जुन्या युरोपियन कलेक्शनमधून" या वाक्याला काही किंमत नाही. कोणाकडे होती, कधीपासून, बिल कुठाय, जुना फोटो किंवा लिलावाच्या कॅटलॉगमधला लॉट नंबर आहे का, हे विचारा. इराणमध्ये पुरातन वस्तूंचा कायदा 1930 पासून आहे आणि सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार 1970 चा, म्हणून या तारखांआधीच वस्तू इराणबाहेर होती असा पुरावा असेल तर माणूस निवांत झोपतो. इराकमधून 6 ऑगस्ट 1990 नंतर आणि सीरियातून 15 मार्च 2011 नंतर बेकायदा बाहेर आलेल्या वस्तूंच्या व्यापारावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची बंदी आहे, त्यामुळे लिस्टिंगमध्ये "रक्का" (सीरियातलं शहर) वाचलं की तारखा दुप्पट काळजीने बघा. युरोपियन युनियनमध्ये न्यायची असेल तर 28 जून 2025 पासून 250 वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूला आयात परवाना लागतो. आणि चोरीला गेलेल्या कलावस्तूंच्या डेटाबेसचं "क्लिअर" पत्र, म्हणजे ही वस्तू त्या यादीत नाही असं पत्र, दाखवलं तर लगेच हुरळून जाऊ नका, परवा चोरून खणलेल्या बरणीचा फोटो त्या डेटाबेसमध्ये येणार तरी कुठून?

घेतलीच तर दोन हातांनी, बुडाला आधार देऊन उचला, ओठाला किंवा कानाला धरून नाही, जुना जोड तिथेच सुटतो. पाण्याने धुऊ नका आणि फुलंही ठेवू नका. पाण्याने जुना गोंद सैल होतो, आत मुरलेले क्षार वर येतात आणि ग्लेझ सुटायला लागतं. मऊ कोरडा ब्रश पुरे.