झऱ्याच्या पाण्याचा फवारा: कुणी घ्यावा, कसा मारावा

मेडिकलमध्ये झऱ्याच्या पाण्याच्या फवाऱ्याचा डबा हातात घेतलात की आधी मागची बाजू वाचा. घटक दोनच सापडतील: पाणी आणि नायट्रोजन. नायट्रोजन फवारा बाहेर ढकलण्यापुरता असतो. कातडीला लागतं ते निव्वळ पाणी. नांदेडात वजिराबादला माझं मेडिकल आहे. तिथे हे वाचून दाखवलं की बरीच गिऱ्हाइकं डबा परत ठेवतात, "ताई, पाण्याला एवढे पैसे?" म्हणत. प्रश्न रास्त आहे. तरी काहींना मी तो घ्या म्हणते, आणि पुष्कळांना नको म्हणते.

पाणी सगळं सारखं नसतं, हे खरं. जमिनीच्या पोटातून वर येताना ते खडकातले क्षार सोबत आणतं. या फवाऱ्यांतलं पाणी फ्रान्समधल्या गावांच्या झऱ्यांचं: दक्षिणेकडच्या आवेनच्या पाण्यात क्षार कमीच, ला रोश-पोझेच्या पाण्यात सेलेनियम, आणि उरियाजचं चांगलं खारट, लिटरला सुमारे ११ ग्रॅम क्षारांचं. गंमत म्हणजे आवेन आणि ला रोश-पोझे या दोन्ही गावांत एकच गोष्ट सांगतात: खाजेने बेजार झालेला घोडा झऱ्यात उतरला आणि बरा झाला. आवेनचा घोडा १७३६ सालचा. आपल्याकडे किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी उनकेश्वरला घोड्याच्या जागी शरभंग ऋषी आहेत. त्यांचा त्वचारोग जावा म्हणून रामाने बाण मारून गरम पाणी काढलं, अशी आख्यायिका. माहूरला रेणुकेच्या दर्शनाला गेलेली माणसं तिथेही जाऊन येतात.

फ्रान्समध्ये या झऱ्यांवर रुग्णांना डॉक्टर तीन-तीन आठवडे ठेवतात. रोज आंघोळ, पाण्याच्या पट्ट्या, वर मलम. एक्झिमा, सोरायसिसवाल्यांना त्याने आराम पडल्याचं दिसलंय. पण बरेचसे अभ्यास लहान, आणि अनेकांना पैसा कंपन्यांचाच. तीन आठवड्यांच्या आंघोळीचा गुण चेहऱ्यावरच्या दोन फुसफुस फवाऱ्यांत येईल असं समजू नका.

फवारा चालतो तो चुरचुरणाऱ्या कातडीवर. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगनंतर, दाढीनंतर, उन्हात भाजल्यावर, किंवा डॉक्टरांनी मुरुमासाठी दिलेली रेटिनॉइडची क्रीम सुरू केल्यावर पहिले काही आठवडे तोंड लाल होऊन सालं निघतात तेव्हा. अशा वेळी बोटसुद्धा लावू नये वाटतं आणि नळाचं पाणी झोंबतं. डब्यातलं पाणी निर्जंतुक भरलेलं, त्यात वास नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही. त्याचा मोठा फायदा हाच, असं माझं मत.

आता मारायचं कसं. डबा तोंडापासून वीतभर लांब धरा, डोळे मिटा, दोन-तीन सेकंद फवारा. अर्धा-एक मिनिट थांबा. मग स्वच्छ सुती रुमालाने टिपा; घासायचं नाही, नुसतं दाबायचं. कातडी किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, साधं पेट्रोलियम जेलीसुद्धा चालेल. दिवसा बाहेर पडणार असाल तर त्यावर सनस्क्रीन. टिपायचा कंटाळा करू नका, कारण सगळं गणित तिथेच बिघडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर, हवा कोरडी ठणठणीत. पाणी तोंडावर तसंच सोडलं की बघता बघता उडतं आणि कातडी आधीपेक्षा जास्त ओढल्यासारखी होते. दिवसभर फवारत राहणाऱ्या पोरी "तोंड अजूनच कोरडं पडायलंय" म्हणत येतात, त्याचं कारण हे. उरियाजचा फवारा विकणारे टिपायची गरज नाही म्हणतात, पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मी तरी टिपाच म्हणेन.

पैसे घालवायचे नसतील तर? पाणी उकळून झाकून थंड करा, त्यात मऊ सुती कापड भिजवून दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवा, मग क्रीम. लाली आणि जळजळ यानेही बरीच उतरते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. बादलीला पांढरा थर बसतो, गिझरची कॉइल खराब होते, आणि साबणाशी मिळून तेच पाणी कातडीवर चिकट साका ठेवतं. चेहरा धुताना शेवटचा तांब्या आरओ फिल्टरच्या पाण्याचा घेतला तरी फरक कळेल. क्षार म्हटलं की चांगलेच, असं नसतं.

उनकेश्वरला किंवा कुठल्याही गरम कुंडावर जाणार असाल तर चांदीचे पैंजण, जोडवी आधी काढा. गंधकाच्या पाण्याने चांदी काळी पडते. पाण्यात शिरण्याआधी कोपर बुडवून पाहा. कोपराला चटका बसला तर अंगाला नको. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका: साचलेल्या कोमट पाण्यात एक अमीबा असू शकतो, तो नाकावाटे मेंदूत जातो. क्वचित घडतं, पण घडलं तर माणूस वाचणं कठीण. जखम उघडी असेल, पोटुशी बाई असेल, लहान लेकरू असेल तर काठावरच थांबा. शुगरवाल्यांनी पाय सोडण्याआधी दुसऱ्या कुणाला पाणी बघायला सांगावं, कारण त्यांच्या पायाला चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच समजतं. बाहेर आलात की साध्या पाण्याने अंग धुवा आणि लगेच खोबरेल किंवा क्रीम लावा. एक्झिमावाल्यांची खाज गरम पाण्याने उलट वाढते.

कुंडाचं पाणी बाटलीत भरून घरी आणायचा सोस मात्र सोडा. गंधकाचा वायू झाकण उघडताच उडून जातो. उरतं ते शेकडो लोक उतरलेलं पाणी, आणि चार दिवसांत त्यात जंतू वाढतात. ते स्प्रेच्या बाटलीत घालून तोंडावर मारणं म्हणजे नसती बिलामत. गंधक कातडीला गुणकारी नाही असं नाही. खरजेवर ५ ते १० टक्क्यांचं गंधकाचं मलम जुनं औषध आहे. पण झऱ्याच्या पाण्यात गंधक तेवढं नसतं.

सगळ्यात जास्त गोंधळ गजकर्णाचा. जांघेत, कमरेला गोल चट्टे, कडा लाल. "पंधरा दिवस कुंडाचं पाणी लावायले ताई, खाज काही जाईना गेली." जाणार नाही, कारण ती बुरशी आहे. तिला बुरशीचंच औषध हवं, डॉक्टरांनी सांगितलेले सगळे आठवडे, आणि घरात टॉवेल वेगवेगळे. तिथे फ्रान्सचं पाणीही कुचकामी. शेजारणीने दिलेली "लगेच खाज थांबवणारी" ट्यूबही नको. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं, खाज दबते आणि चट्टा पसरतो. अशा बऱ्याच मलमांना सरकारने २०१८ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली, तरी काउंटरवर मागणी थांबत नाही. मी देत नाही, लोक रुसून जातात.

आणि फिकट किंवा तांबूस डाग असेल, तर पाणी लावण्याआधी एक करा. कापसाची वात करून डोळे मिटलेल्या माणसाच्या डागावर टेकवा, मग बाजूच्या चांगल्या कातडीवर. डागावर स्पर्श कळला नाही, तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध, एमडीटी, तिथे फुकट मिळतं, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावं लागतं आणि रोग पूर्ण बरा होतो. लाजेपायी कुंडावर खेटे घालत बसलं तर तोवर नसा जातात, बोटं वाकतात. स्पर्श कळतो आहे आणि डाग नुसता पांढराशुभ्र आहे, तर ते कोड असू शकतं. तेही त्वचेच्या डॉक्टरांचंच काम, फवाऱ्याचं नाही.

एवढं सगळं वाचूनही फवारा घ्यायचा असेल तर पहिल्यांदा ५० मिलीचा छोटाच घ्या. सीलबंद आहे ना आणि एक्सपायरी काय आहे ते बघा, आणि दोन दिवस कानामागे मारून पाहा. उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. ५० अंशांच्या वर डबा फुटू शकतो, आणि मे महिन्यात डिक्कीत तेवढी उष्णता सहज होते. फ्रिजच्या दारात ठेवला तर उत्तम. संपल्यावर त्यात पुन्हा पाणी भरता येत नाही, भोक पाडायच्या फंदातही पडू नका, आणि कचऱ्याबरोबर जाळू नका.