यादीतील कामे यादीतच का राहतात?

रोज कामांची यादी करणाऱ्या बहुतेकांचा अनुभव असा असतो, की सकाळी लिहिलेल्या दहा-बारा कामांपैकी निम्मी संध्याकाळी तशीच शिल्लक राहतात आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत मुकाट उतरवली जातात. याचा दोष आपण आळसाला देतो, नाहीतर वापरात असलेल्या ॲपला देऊन नवे ॲप शोधू लागतो. माझ्या मते दोष बहुधा यादी लिहिण्याच्या पद्धतीतच असतो, आणि ती बदलायला वही-पेन पुरेसे आहे.

काम डोक्यात न ठेवता लिहून काढावे, हा सल्ला सर्वपरिचित आहे. मात्र तो अर्धाच आहे. मासिकाम्पो आणि बाऊमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की अपूर्ण राहिलेली उद्दिष्टे मनात घोळत राहून हातातल्या दुसऱ्या कामात व्यत्यय आणतात, परंतु ते उद्दिष्ट कसे गाठायचे याची नेमकी योजना आखली की काम प्रत्यक्षात झालेले नसतानाही तो व्यत्यय ओसरतो. म्हणजे नुसते नाव टिपून ठेवल्याने मन मोकळे होईलच असे नाही. पुढची पायरीही ठरलेली असावी लागते.

उदाहरणार्थ, माझ्या वहीत ‘विम्याचे बघणे’ अशी एक ओळ सलग तीन आठवडे होती. ती वाचली की प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागे, की बघायचे म्हणजे नक्की काय करायचे? आणि तेवढ्यात नजर खालच्या सोप्या कामाकडे वळे. शेवटी ती ओळ खोडून ‘कपाटातून पॉलिसीची फाइल काढून नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरात टाकणे’ असे लिहिले, आणि ते काम सहा मिनिटांत झाले. ओळ लिहून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही ओळ वाचून उठल्यावर हात नेमका कशाला लावायचा, हे कळते का? कळत नसेल तर ओळ पुन्हा लिहावी. ‘अहवाल’, ‘घरातली आवराआवर’, ‘नव्या नोकरीचा विचार’ ही कामे नव्हेत, कामांची गाठोडी आहेत. यादीत गाठोडे ठेवू नये, त्यातून काढलेली पहिली वस्तू ठेवावी.

त्या ओळीला प्रसंगाची जोड दिली तर आणखी उत्तम. ‘दुपारची बैठक संपली की जागेवर परतताच मसुद्याचा पहिला परिच्छेद लिहीन’ अशा ‘अमुक झाले की तमुक करीन’ या स्वरूपाच्या ठरावांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी केला आहे. नुसत्या इच्छेपेक्षा असे ठराव अधिक वेळा पाळले जातात, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

यादी फसण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे वेळेचा चुकीचा अंदाज. स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल हे सांगताना माणूस सहसा आशावादी असतो. या प्रवृत्तीचे वर्णन कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये केले. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३३.९ दिवसांचा अंदाज सांगितला होता आणि प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. यावर उपाय म्हणून प्रत्येक कामापुढे दोन रकाने आखावेत: एक अंदाजाचा, दुसरा प्रत्यक्ष लागलेल्या वेळेचा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘मसुदा तपासणे, अंदाज ४० मिनिटे, प्रत्यक्ष ७५.’ दोन आठवडे अशा नोंदी ठेवल्या की आपला अंदाज साधारण किती पटीने चुकतो हे समजते, आणि मग त्या पटीने गुणूनच दिवस आखावा. तसे केल्यावर यादीत दहा कामांऐवजी चार-पाचच मावतात. सुरुवातीला हे खटकते, पण मुळात दिवसात मावत होती तेवढीच ही कामे.

प्रत्यक्ष काम करताना टायमर लावण्याचा उपयोग होतो. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवरून ‘पोमोदोरो’ पद्धत तयार केली: २५ मिनिटे काम, ५ मिनिटे विश्रांती, आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. २५ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. लेखनासारख्या कामात तेवढ्यात जेमतेम सूर लागतो, तेव्हा ४५ किंवा ५० मिनिटेही चालतील. टायमर मोबाइलवर मात्र लावू नये, कारण वेळ पाहायला उचललेला मोबाइल क्वचितच लगेच खाली ठेवला जातो.

काम अर्धवट सोडून उठावे लागलेच, तर उठण्यापूर्वी ‘कुठे थांबलो आणि परत आल्यावर काय करायचे’ हे एका ओळीत लिहावे. आधीच्या कामाचा काही अंश लक्षात रेंगाळतो आणि पुढचे काम मंदावते, असे संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले. ही एक ओळ तो अंश बराच कमी करते.

साधने दोनच ठेवावीत. ज्याला घड्याळाची वेळ आहे ते कॅलेंडरात, बाकी सगळे यादीत. यादी कागदावर असो वा ॲपमध्ये, ती एकाच ठिकाणी असणे महत्त्वाचे. चिठ्ठ्या, मोबाइल आणि ईमेल अशा तीन जागी विखुरलेल्या यादीवर कोणाचाच विश्वास बसत नाही, लिहिणाऱ्याचाही नाही.

दिवसाच्या शेवटी दहा मिनिटे काढून उरलेली कामे तपासावीत. ही सवय अंगवळणी पडायला वेळ लागेल. मानसशास्त्रज्ञ लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात नवी कृती आपसूक होऊ लागायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत कितीही काळ लागू शकतो असे दिसले, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तपासताना एखादे काम तिसऱ्यांदा पुढे ढकलले जात असेल, तर ते तसेच उतरवू नये. त्याचे आणखी लहान तुकडे करावेत, किंवा कॅलेंडरात त्याला ठरावीक तास द्यावा, किंवा सरळ खोडून टाकावे. खोडलेले काम खरेच महत्त्वाचे असेल, तर कोणीतरी त्याची आठवण करून देतेच.