इझली म्हणता, पण कापूस विझतो कुठं? जिनिंगमधल्या या चुका टाळा

दिवाळी सरली की जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून गठाणी (दाबून बांधलेले गठ्ठे) बांधणारे कारखाने, सुरू होतात आणि दरवर्षी त्याच त्या चुका बघायला मिळतात.

माझ्या डोक्यात जाणारी पहिली: जाळ दिसेना झाला की आग विझली असं धरायचं. परभणीकडच्या एका जिनिंगवर मी सुपरवायझर होतो. संध्याकाळी एक गठाण पेटली, पोरांनी पाइप लावून चिंब केली. मुकादम म्हणाला, "इझली साहेब, लावू का थप्पीला?" ट्रक भरायची घाई होती, मी मान हलवली. तिसऱ्या रात्री करपट वास सुटला. गठाण फोडली तर वरून ओलीगार, आत निखारा. शेजारच्या चाळीस गठाणी गेल्या. एकशे सत्तर किलो कापूस दाबून बांधलेला, पाणी आत शिरणार कसं? आता मी पेटलेली गठाण मैदानात नेतो, पट्ट्या तोडतो, पसरतो आणि आठवडाभर गोदामाकडं फिरकू देत नाही. पोरं हसतात. हसू द्या.

दुसरी: कापसाशेजारी काहीही ठेवणं. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज उभं होतं. कराचीत भरलेल्या कापसाच्या सुमारे 8,700 गठाणी आणि जवळपास 1,400 टन दारूगोळा एकाच पोटात. दुपारी कापूस धुमसला. शेजारच्या जहाजांवरून धूर आधीच दिसला होता, पण कुणी बोललं नाही. मग शेकडो टन पाणी ओतलं, तरी आग नेमकी कुठं तेच सापडेना. जहाज बाहेर ओढायचं की जागीच बुडवायचं यावर खल चालला, आणि 4 वाजून 6 मिनिटांनी ते फुटलं. अर्ध्या तासानं दुसरा स्फोट. शेकडो माणसं गेली, त्यात 66 बंबवाले. आपल्याकडं 14 एप्रिलला जयंतीची मिरवणूक असते, त्याच दिवशी या बंबवाल्यांसाठी अग्निशमन सेवा दिनही असतो.

आमच्याकडं दारूगोळा नाही म्हणता? भाव येईल म्हणून घरात रचलेल्या कापसाला टेकून डिझेलचा कॅन कुणी ठेवला?

गोदामात वेल्डिंग नको. बिडी फाटकाबाहेर, मालकाचीही.

आणि बंबाला उशिरा फोन. "आधी आपण बघू" म्हणणाऱ्या नव्या पोरांना मी आल्या दिवशी बंबाचा नंबर पाठ करायला लावतो. तोंडपाठ म्हटल्याशिवाय चहा नाही.